होमी भाभा आणि औषधातला अणू

थायरॉइडचा स्कॅन, हाडांचा स्कॅन, पेट स्कॅन, आयोडीनचा डोस, कोबाल्टचा शेक. यातलं काही तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला सांगितलं असेल, तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना एक शब्द मनात अडकून राहतो: किरणोत्सार. त्याबरोबर बॉम्ब आठवतो, केस गळालेली माणसं आठवतात. घरातल्या लहान मुलांना काही होईल का, ही शंका येते. भोर आणि वेल्ह्याच्या गावांतून पुण्याला किंवा मुंबईला पाठवलेले काही रुग्ण केवळ या भीतीने तारीख पुढे ढकलतात. शेतीची कामं आटोपू द्या, सण होऊ द्या, असं म्हणत दोन महिने निघून जातात. आजार मात्र तेवढे दिवस थांबत नाही.

ही भीती कमी करायची तर अणू म्हणजे काय आणि तो किरण का सोडतो, हे थोडं समजून घ्यावं लागेल. त्यासाठी मी तुम्हाला एका माणसाचं आयुष्य सांगतो. त्याचं नाव तुम्ही शाळेत ऐकलेलं आहे: डॉ. होमी भाभा. त्यांचा आणि तुमच्या हातातल्या स्कॅनच्या चिठ्ठीचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

घर आणि आत्या

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील होते. आजोबा होर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. घरात पुस्तकं भरपूर होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि चित्रकलेची आवड होती. होमी पुढे आयुष्यभर चित्रं काढत राहिले.

वडिलांची बहीण, म्हणजे होमींची आत्या मेहेरबाई, टाटांच्या घरात दिलेली होती. जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी हे तिचे पती. त्यामुळे लहानपणापासून होमींच्या कानांवर कारखाने, वीज आणि पोलाद यांच्या गोष्टी पडत होत्या. मुलाने इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ मध्ये त्यांना इंग्लंडला केंब्रिजला पाठवलं गेलं.

तिथे गेल्यावर होमींचं मन भौतिकशास्त्रात रमलं. त्यांनी वडिलांना तसं कळवलं. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुझ्या आवडीचं शिक. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढच्याच वर्षी घरावर आघात झाला. जून १९३१ मध्ये आत्या मेहेरबाई वेल्समधल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने वारल्या. होमी तेव्हा २१ वर्षांचे होते. त्या काळी ल्युकेमियावर खरा इलाज कुठेच नव्हता. पण इतर काही कर्करोगांवर परदेशात रेडियम वापरलं जात होतं आणि भारतात त्याची नीट सोय नव्हती. तशी सोय इथे व्हावी, हे सर दोराबजींच्या मनाने घेतलं. जून १९३२ मध्ये तेही गेले. त्यांच्यामागे विश्वस्तांनी तो विचार पुढे नेला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. आज आपल्या तालुक्यातला कर्करोगाचा रुग्ण ‘टाटाला जातो’ म्हणतो, ते हे रुग्णालय.

अणूच्या आत काय आहे

होमी केंब्रिजला होते तो काळ अणूच्या अभ्यासात विलक्षण होता. तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख अर्नेस्ट रदरफोर्ड होते. अणूच्या मध्यभागी अगदी लहान पण जड असं केंद्रक असतं, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं. १९३२ मध्ये त्याच प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा कण शोधला. आज नववी-दहावीच्या पुस्तकात जे चित्र असतं, ते होमींच्या डोळ्यांदेखत पुरं होत होतं.

ते चित्र असं. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. बाहेर इलेक्ट्रॉन असतात. केंद्रक किती लहान? ते ज्वारीच्या दाण्याएवढं आहे असं धरा आणि तो दाणा भोरच्या राजवाड्यात मध्यभागी ठेवा. मग अणूची हद्द राजवाड्याच्या भिंती ओलांडून साधारण दीड-दोनशे मीटरवर जाईल. मधली सगळी जागा इलेक्ट्रॉनांची, म्हणजे जवळजवळ मोकळीच. आणि तरी अणूचं बहुतेक सगळं वजन त्या दाण्यात असतं.

पदार्थ कोणता, हे प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीन. आपल्या मिठातल्या आयोडीनमध्ये ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात, बेरीज १२७. हे आयोडीन स्थिर असतं, वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. आता त्यात आणखी चार न्यूट्रॉन असतील तर बेरीज होते १३१. प्रोटॉन तेवढेच असल्याने तेही आयोडीनच. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात.

पण आयोडीन-१३१ च्या केंद्रकात न्यूट्रॉन जास्त झालेले असतात. ते अस्थिर असतं. कधीतरी त्यातला एक न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो, एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, सोबत गॅमा किरण निघतात आणि तो अणू झेनॉन नावाच्या स्थिर वायूचा अणू बनतो. अस्थिर केंद्रकाने असं स्थिर होत जाणं, याचंच नाव किरणोत्सार. एकदा बदललेला आयोडीनचा अणू पुन्हा किरण सोडत नाही.

बाहेर पडणारे किरण मुख्यतः तीन प्रकारचे असतात. अल्फा कण जड असतात, साध्या कागदानेही अडतात. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते शरीरात काही मिलिमीटर जातात. गॅमा किरण शरीराच्या आरपार जातात आणि त्यांना अडवायला शिसं किंवा जाड काँक्रीट लागतं. औषधात यांचा उपयोग त्यांच्या स्वभावाप्रमाणे केला जातो. जवळच्या पेशी मारायच्या तर बीटा आणि बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला आतलं दिसायला हवं तर गॅमा.

होमींचं स्वतःचं संशोधन विश्वकिरणांवर, म्हणजे आकाशातून सतत येणाऱ्या वेगवान कणांवर होतं. १९३५ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धन भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होतं, याचं गणित त्यांनी मांडलं. जगभर ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तुम्हाला पेट स्कॅन सांगितला असेल तर हा पॉझिट्रॉन लक्षात ठेवा. त्या स्कॅनमध्ये साखरेसारख्या औषधाला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरीन शिरेतून देतात. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण जातात. यंत्र ते दोन्ही पकडतं आणि साखर कुठे जास्त खेचली जाते आहे ते दाखवतं.

युद्धामुळे परत

१९३९ मध्ये होमी सुट्टीवर भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहिलं. ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

परदेशात त्यांना मोठी जागा सहज मिळाली असती. पण आपल्याच देशात वरच्या दर्जाचं संशोधन उभं करायला हवं, असं त्यांना वाटू लागलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेसाठी मदत मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले आणि अणू या शब्दाला जी भीती चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. ती भीती निराधार नाही. एकाच क्षणी, मोजमाप न ठेवता संपूर्ण शरीरावर पडलेला प्रचंड किरणोत्सार माणसाला मारतो. डॉक्टर वापरतात तो किरणोत्सार मोजलेला, एका जागी नेमलेला आणि ठरावीक काळात संपणारा असतो.

तुर्भ्याची अणुभट्टी

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुऊर्जेचं केंद्र सुरू झालं. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. तिचा आराखडा आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची होती, इंधन ब्रिटनमधून आलं होतं. १९६० मध्ये ‘सायरस’ ही मोठी भट्टी आली.

अणुभट्टी म्हटलं की आपल्याला वीज आठवते. पण या दोन्ही भट्ट्या संशोधनासाठी होत्या आणि रुग्णांच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व वेगळं होतं. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा सतत चालू असतो. त्यात साधा पदार्थ ठेवला की त्याचे काही अणू जास्तीचा न्यूट्रॉन गिळतात आणि किरणोत्सारी होतात. कोबाल्ट-५९ ठेवलं तर कोबाल्ट-६० तयार होतं. टेल्युरियम ठेवलं तर त्यातून आयोडीन-१३१ मिळतं. ज्या समस्थानिकांसाठी परदेशाकडे पाहावं लागत होतं, ते मुंबईत तयार होऊ लागले.

१९६२ मध्ये परळचं टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपवलं गेलं. कर्करोगाचं रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा विभागाकडे का, असं तुम्हाला वाटेल. भाभा त्या विभागाचे सचिव होते आणि किरणोत्साराचं औषधातलं स्थान त्यांना दिसत होतं. १९६३ मध्ये परळलाच किरणोत्सारी औषधांसाठी रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. आत्याच्या मृत्यूनंतर ज्या रुग्णालयाचा विचार निघाला, ते तीस वर्षांनी भाच्याच्या विभागात आलं.

भाभांच्या कामाला दुसरीही बाजू होती. अणुबॉम्ब बनवण्याची क्षमता देशाकडे असावी का, हा प्रश्न त्यांच्याच काळात पुढे आला आणि अणुवीज किती, कुठे आणि किती खर्चात, यावर आजही वाद होतात. ते वाद जिथल्या तिथे होऊ द्यावेत. तुमच्या उपचाराचा निर्णय मात्र त्यांच्यावर ठरवू नका.

अर्धायुष्य म्हणजे काय

रुग्ण विचारतात, हे औषध शरीरात कायमचं राहतं का? याचं उत्तर अर्धायुष्य या कल्पनेत आहे.

ज्वारीच्या लाह्या फुटताना पाहा. कोणता दाणा आधी फुटेल ते सांगता येत नाही, पण निम्मे दाणे किती वेळात फुटतील याचा अंदाज येतो. अणूंचंही तसंच. फरक एवढाच, की त्यांना आच लागत नाही आणि आच वाढवून त्यांना घाईही करता येत नाही. प्रत्येक समस्थानिकाचा वेग ठरलेला असतो. ज्या काळात निम्मे अणू बदलतात, त्याला अर्धायुष्य म्हणतात.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. आज १०० भाग असेल तर आठ दिवसांनी ५०, सोळा दिवसांनी २५, चोवीस दिवसांनी साडेबारा. ऐंशी दिवसांत दहा वेळा निम्मं होऊन हजारातला एक भाग उरतो. शिवाय थायरॉइडने न घेतलेलं आयोडीन पहिल्या काही दिवसांत लघवीतून निघून जातं, म्हणून शरीरातलं प्रमाण याहून लवकर घटतं. हाडांच्या स्कॅनमध्ये वापरतात त्या टेक्नेशियमचं अर्धायुष्य फक्त सहा तास. एका दिवसात त्याचा सोळावा भाग उरतो. पेट स्कॅनच्या फ्लोरीनचं अर्धायुष्य दोन तासांहूनही थोडं कमी.

उलट शेक देण्याच्या यंत्रातल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं आहे आणि जुन्या काळच्या रेडियमचं सुमारे १६०० वर्षं. पण कोबाल्ट यंत्रातच राहतं, तुमच्या शरीरात जात नाही.

किरणोत्सार ही फक्त रुग्णालयातली गोष्टही नाही. भात, केळी, बटाटा यांतून पोटॅशियम आपल्या शरीरात जातं. त्याचा अगदी लहान भाग किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला त्याचे सुमारे चार हजार अणू बदलतात. त्याच पोटॅशियमच्या अतिशय मंद बदलावरून शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं वय मोजलं आहे. राजगड, तोरणा आणि रोहिडा ज्या खडकावर उभे आहेत, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनला आहे.

अखेर

भाभा कामात बुडालेले असत. त्यांनी लग्न केलं नाही. झाडं, चित्रं आणि संगीत हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं ते विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं आणि त्यातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आलं. या केंद्राने पुढे कोबाल्टचा शेक देणारं यंत्र देशातच तयार केलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.

आता तुमच्यासाठी

यंत्रातून बाहेरून दिलेल्या शेकाने रुग्ण किरणोत्सारी होत नाही. दिवा बंद केला की खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. शेक घेऊन घरी आलेल्या आईच्या कुशीत नातवंड झोपलं तरी त्याला धोका नाही. तिचं ताट, अंथरूण वेगळं करू नका. आजारपणात माणसाला दूर ठेवलेलं फार लागतं आणि इथे त्याची गरजच नसते.

शेकाचे त्रास खरे आहेत: थकवा, कातडी काळी पडणं, तोंडात फोड, जुलाब. कोणता होईल ते शेक कुठे दिला आहे त्यावर अवलंबून असतं. बहुतेकांवर औषध आहे. त्रास झाला म्हणून मनाने शेक बंद करू नका; मध्येच खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. आधी डॉक्टरांना सांगा.

आयोडीन-१३१ चा मोठा डोस घेतल्यावर मात्र काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत वेगळं झोपा, लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवा, पाणी पुरेसं प्या, बसून लघवी करा, संडासात दोनदा पाणी सोडा आणि हात नीट धुवा. हे दिवस मोजके असतात. तारीख लिहून घ्या.

गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर कोणत्याही स्कॅनच्या किंवा डोसच्या आधी स्वतःहून सांगा. लाजू नका. आयोडीनच्या उपचारानंतर गर्भधारणा किती महिने टाळायची, तेही विचारा.

साधा एक्स-रे आणि सीटी स्कॅन विजेवर चालतात. बटण बंद झालं की किरण संपले. तरी सीटीचा डोस एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून तो गरजेपुरताच करावा आणि जुने रिपोर्ट व फिल्म जपून ठेवाव्यात, म्हणजे तोच तपास पुन्हा करावा लागत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. तारीख मिळाली असेल तर ती चुकवू नका. मेहेरबाईंकडे पैसा होता, परदेशी जाण्याची सोय होती, पण त्यांच्या आजारावर तेव्हा इलाज नव्हता. आज कितीतरी कर्करोगांवर इलाज आहे आणि भोरहून एसटीने निघून त्याच दिवशी पोहोचता येईल इतका तो जवळ आहे. मनात शंका असतील तर त्या कागदावर लिहा, घरातल्या एकाला सोबत घ्या आणि डॉक्टरांना एकेक करून विचारा. शंका विचारण्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागत नाही.